सांडलवंड

वेटरने चार मोठे वाडगे टेबलावर ठेवले, आणि शशिकांतरावांनी आपला उजवा हात हळूच मांडीखाली सरकवला.

पातळ रश्श्यात तांदळाच्या लांबच लांब शेवया, टोफूचे तुकडे, मश्रूम, वर हिरवा पाला आणि लिंबाची फोड. गुरुग्राममधलं हे व्हिएतनामी रेस्टॉरंट सूनबाईने, मृणालने, शोधून काढलं होतं. आज कुमुदताईंना साठ वर्षं पूर्ण झाली होती, आणि जेवायला कुठे जायचं हे ती कोणाला ठरवूच देत नव्हती.

"फो म्हणतात याला, आई."

"फो कसलं? ही तर शेवयांची आमटी!" कुमुदताई खूश होऊन म्हणाल्या.

शशिकांतरावांना त्या शेवया बघूनच घाम फुटला होता. दीड वर्षापासून त्यांचा हात थरथरत होता. घरी चमच्याने निभत होतं. पण गेल्या वर्षी एका लग्नात त्यांच्या हातून आमटी शेजाऱ्याच्या झब्ब्यावर सांडली, आणि "राहू द्या काका, राहू द्या" म्हणत पाच जण रुमाल घेऊन धावले. सांडल्याचं नाही, त्या धावण्याचं त्यांना फार लागलं. मंत्रालयातल्या तीस वर्षांत ज्याने फाइलवर शाईचा ठिपका पडू दिला नव्हता, तो माणूस तेव्हापासून बाहेर जेवलाच नाही. संकष्टी, एकादशी, गुरुवार, प्रदोष असे एवढे उपास त्यांनी धरले की देवालाही संशय यावा. आजही त्यांनी सकाळी कॅलेंडर दोनदा चाळलं होतं. बायकोच्या साठीला नेमकी एकही तिथी कामाला आली नाही.

शेवटी त्यांनी ॲसिडिटीचा आधार घ्यायचं ठरवलं. तोंड उघडणार, तोच समोरून आवाज आला.

"अय्या!"

मृणालच्या चॉपस्टिक्सच्या काड्यांमधून शेवयांचा अख्खा झुबका निसटला आणि धप्पकन वाडग्यात पडला. रस्सा उडाला तो थेट तिच्या नवऱ्याच्या, सिद्धांतच्या चष्म्यावर.

"यार मृणाल! आत्ताच पुसला होता!"

"सॉरी, सॉरी! जमतच नाहीये रे मला."

कुमुदताई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांच्याही काट्यावरची शेवई सुटली. तिचं एक टोक ओठांत, दुसरं वाडग्यात. "आता काय करू? तोडू का गं?"

"तोडायची नाही हं आई! लांब शेवई म्हणजे लांब आयुष्य. वाढदिवसाला तर बिल्कुल नाही."

मग कुमुदताईंनी ती शेवई सुर्रकन ओढून घेतली. ती जाता जाता त्यांच्या नाकाला रस्सा लावून गेली. सिद्धांतच्या ऑफिसच्या शर्टावर तोवर दोन डाग पडले होते.

"भैया, टिश्यू और देना प्लीज," तो म्हणाला.

"सबका गिरता है सर," वेटर म्हणाला, आणि टिश्यूंसोबत चार कागदी एप्रनही ठेवून गेला. मृणालने पहिला एप्रन स्वतःच्या गळ्यात बांधला, मग बाकीच्यांनीही बांधले.

शशिकांतरावांनी मांडीखालून हात बाहेर काढला. काटा उचलला. काट्यावरच्या शेवया झोपाळ्यासारख्या हलायला लागल्या, अर्ध्या परत वाडग्यात गेल्या, दोन-तीन एप्रनवर आल्या. त्यांनी दचकून वर पाहिलं. कोणाचं लक्षच नव्हतं. जो तो आपापल्या शेवयांशी झुंजत होता.

उरलेल्या शेवया तोंडात गेल्या. गरम, आंबटसर, झणझणीत. शशिकांतरावांनी दुसरा घास घेतला, मग तिसरा. लिंबू पिळलं, ते थोडं टेबलावरही पिळलं गेलं. मिरचीची चटणी मागून घेतली. चारचौघांत बसून पोटभर जेवायचं सुख काय असतं, हे ते विसरूनच गेले होते. वाडगा संपला तेव्हा त्यांनाच नवल वाटलं.

ते हात धुवायला उठले. बेसिन कोपऱ्यात होतं, वर मोठा आरसा. हात पुसताना त्यांची नजर आरशात गेली. मागे त्यांचं टेबल दिसत होतं. कुमुदताई फोनवर कोणाच्या तरी शुभेच्छा घेत होत्या. सिद्धांत पाठमोरा बसला होता. आणि मृणाल जेवत होती.

क्रोशाची सुई धरावी इतक्या सहज तिने काड्या धरल्या होत्या. खाली चमचा धरून ती झुबका उचलत होती, अलगद तोंडात घालत होती. एक थेंब सांडत नव्हता. असे तीन घास त्यांनी मोजले. मग त्यांना पुढचं नीट दिसेना. त्यांनी नळ पुन्हा सोडला आणि तोंडावर पाणी मारलं.

ते परत येताना दिसले मात्र, मृणालची बोटं एकदम बावळट झाली. काड्या वाकड्या झाल्या आणि शेवया धप्पकन वाडग्यात पडल्या.

"बघा ना बाबा, परत सांडलं!"

शशिकांतराव खुर्चीत बसले. एप्रन सारखा केला. सिद्धांतच्या वाडग्यातल्या उरलेल्या शेवया आपल्या वाडग्यात ओतून घेतल्या, आणि थरथरत्या हाताने पुन्हा काटा उचलला.

"मृणाल," ते म्हणाले, "तू आता नीट जेव बाळा. सांडायला मी समर्थ आहे."