मागून हाक

आमची शलाका यानाच्या जिन्याशी पोचली आणि मला बाकावर राहिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा दिसला. मी हाक मारणार, तोच बायकोनं माझं मनगट धरलं.

"निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये."

प्रकाशाहून वेगवान इंजिन बनवणारी बाई ही!

थोड्या वेळानं नियंत्रण कक्षातल्या पडद्यावरून यानाचा ठिपका नाहीसा झाला. लेक प्रकाशाच्याही पुढे गेली होती. बायकोनं माइक ओढला.

"शले, डबा राहिला गं!"

"आता?" मी चिडलोच. "हाक जाणार प्रकाशाच्या वेगानं. तिला गाठणार कशी?"

"नाहीच गाठणार. ती तिथं उतरली, की मग काही वर्षांनी हाक पोचेल."

डबा पोटाशी धरून ती हसली.

"तेव्हा ती निघालेली नसेल रे. पोचलेली असेल."