दंडातला पंप

मृदुला तांडेलच्या दंडात बसवलेला पंप प्रत्येक फिटनंतर औषधाचा डोस आपोआप वाढवायचा. पंप बसवण्यापूर्वी तिला महिन्यातून दोनदा फिट यायची. आता दिवसातून चारदा येत होती. शाळेनं तिला घरी बसवलं होतं.

“औषधानंच फिट येतेय,” ती डॉक्टरांना म्हणाली.

“स्क्रीनवर तसं दिसत नाही.”

“मग स्क्रीन बंद करा आणि माझ्याकडे बघा.”

ती दवाखान्यातून हललीच नाही. तासाभरानं पुढच्या डोसची वेळ झाली, पंपाचा हिरवा दिवा लागला, औषध आत गेलं आणि काही मिनिटांतच तिचं अंग ताठ झालं.

ती शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर पंपाचा डोस कमी करत होते. “हे नवीनच आहे. कंपनीला कळवतो.”

“तुम्हाला नवीन,” मृदुला म्हणाली. “मी आठ महिने हेच सांगतेय. तेही लिहा.”