पाहुण्यांना दिलेली अंडी

कल्पना करा, तुम्ही सात वर्षांचे आहात. पहाटे बदकांच्या खुराड्यात वाकला आहात आणि तुमच्या तळहातावर नुकतंच घातलेलं, अजून कोमट असलेलं अंडं आहे. जरा जपून धरा. शुयू अगदी तसंच धरायची.

"पळू नकोस गं, फुटेल!" चिन आजी दारातून ओरडायची. "आईच्या पोटातल्या बाळाचं आहे ते!"

आजीच्या घरामागून कालवा जायचा. एके काळी त्याच्या काठावर जुने ट्रान्सफॉर्मर फोडायचे. तांबं विकलं जायचं, तेल मातीत जिरायचं. आजीचा मुलगाही तिथं राबला होता. सरकारनं ते काम बंद केलं, तसा तो शहरात कारखान्यात लागला. शुयू शहरातच जन्मली. पुढं भाडं परवडेना, म्हणून सून वान्छिन नातीला घेऊन आजीकडे राहायला आली. मागच्या हिवाळ्यात वान्छिनला इथंच दुसरं बाळ झालं. ते रडलंच नाही.

आता तिला पुन्हा दिवस गेले होते. तिचा भाऊ ल्यांग शहरातून बदकाच्या अंड्यांची पेटी घेऊन आला. बाळंतपणाआधी माहेरहून अंडी यायचीच, आणि हा मामा जरा उतावळाच होता.

आजीनं एक अंडं उजेडात धरलं. "अरे ल्यांग, ही अंडी आहेत की खेळायचे चेंडू? धुऊन धुऊन पार जीव काढलाय त्यांचा."

"शहरात अशीच मिळतात, मावशी. तिथं बदकांना आंघोळ घालूनच अंड्यावर बसवतात."

"बरं बरं. पाहुण्यांना द्यायला होतील." आजीनं पेटी फडताळाखाली सरकवली. "आईला मात्र कुठली, शुयू?"

"घरची!" शुयू ओरडली.

काही दिवसांनी आजीनं बाजारात एक बातमी ऐकली. पलीकडच्या गावात सरकारी माणसं बदकांची अंडी तपासत होती. काठावरच्या शेजाऱ्यांनी बदकं का विकून टाकली, ते आता तिला कळलं. ती तशीच तालुक्याला गेली. "माझ्या घरी या," तिनं कचेरीत हात जोडून सांगितलं. "काठावर आता माझीच बदकं राहिलीत."

दोन दिवसांनी कचेरीतून तपासणीसाठी फानबाई आल्या. उंबऱ्यातच त्यांनी बोलायला सुरुवात केली. "आजी, हे विष जे आहे ना..."

"श्श!" आजीनं त्यांचा हात धरला. "घरात पोटुशी बाई आहे. तो शब्द आत नको. अंगणात चला."

अंगणात फानबाईंनी हळू आवाजात सांगितलं. ट्रान्सफॉर्मरचं हे तेल कुजत नाही, विरत नाही. चिखलातून किड्यात, किड्यातून बदकात, बदकातून अंड्यात जातं. देशभरातल्या अशा जागांची यादी तयार होत होती. जिथं ते सापडेल, तिथली माती सरकार खणून नेणार होतं.

"सापडलं तर सांगाल ना?" आजीनं विचारलं.

"लगेच. तोवर सूनबाईंना ही अंडी देऊ नका."

आजीनं हाक मारली. "शुयू, या ताईंना अंडी न्यायची आहेत शहरात. टोपली भरून आण."

"आपली? घरची?"

"मग काय शेजारची? जा पळ!"

शुयूला बराच वेळ लागला.

"बदकांशी गप्पा मारत बसली असेल," आजी म्हणाली.

टोपली आली तेव्हा फानबाईंनी कौतुकानं पाहिलं. "किती स्वच्छ आहेत हो!"

"माझी नात पुसून आणते," आजीला त्याही घडीला अभिमान वाटला.

मग वाट पाहणं सुरू झालं. आजी सगळ्यांच्या आधी उठून अंडी गोळा करायची आणि परसात पुरून टाकायची. "बदकं रुसलीत," ती घरात सांगायची. मामाच्या पेटीतली अंडी निम्म्यावर आलेली तिला दिसली. पोटुशी बाई गुपचूप खात असेल, तर तिला कोण विचारतं? शुयू मात्र अलीकडे स्वयंपाकघरात लुडबुडायची. "आजी, खारवायच्या अंड्यांना मीठ किती लागतं?" आजीला हसू यायचं. पोरगी संसाराला लागली म्हणायची.

दीड महिन्यानं फानबाईंचा फोन आला. अंड्यांत काहीही सापडलं नव्हतं. माती उचलणाऱ्या गाड्या आता पलीकडच्या गावाला जाणार होत्या.

आजी खुराड्याजवळ बसून पोटभर रडली. मग डोळे पुसून चार अंडी घेऊन आत आली. "वान्छिन, बदकांचा रुसवा गेला बघ!"

त्या दिवसापासून वान्छिनच्या वाडग्यात रोज दोन अंडी पडू लागली. "आई, आता पुरे हो," ती हसायची. "बाळ क्वॅक क्वॅक करत बाहेर येईल!"

थंडी सुरू होताना बाळ झालं. मुलगा होता. तोही रडला नाही.

वान्छिन भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अन्नाला शिवेना. "अंडी तर चांगली होती ना, आई?" ती एकदाच म्हणाली. "मग कशानं?"

तिसऱ्या दिवशी आजी पेजेचा वाडगा घेऊन सुनेच्या उशाशी बसली होती. स्वयंपाकघरात काहीतरी खदखदत होतं. थोड्या वेळानं शुयू दोन्ही हातांनी एक थाळी सावरत आली. थाळीत उकडलेली अंडी होती, लहानमोठी, मिठाच्या पाण्यात राहून काळपट पडलेली.

"आई, ऊठ ना. तुझ्यासाठी लपवून ठेवली होती मी. खरी ताकद बाळंतपणानंतरच लागते, आजीच म्हणते." शुयूनं एक अंडं सोलायला घेतलं. "त्या ताई आपली चांगली चांगली न्यायला आल्या होत्या. मी त्यांना मामाची दिली."

आजीच्या हातातला वाडगा कलंडला. पेज पांघरुणावर सांडली.

शुयूनं लालभडक बलकाचा तुकडा मोडला, फुंकर घालून निववला आणि आईच्या ओठांशी धरला.