एकही रेघ नाही

निवडणूक तोंडावर आली, तसा पक्षाचा कार्यकर्ता मतदारयादी काखोटीला मारून आपल्या गल्लीत निघाला. दारोदार थांबायचं आणि साथीत गेलेल्यांच्या नावावर लाल रेघ ओढायची, एवढंच काम.

साथीच्या पहिल्या वर्षी गेलेल्यांच्या रेघा दोन्हीकडे सारख्याच होत्या, आपल्या पक्षाच्या घरांत जेवढ्या, तेवढ्याच समोरच्यांच्या. लस आली आणि चित्र पालटलं. समोरच्यांच्या घरांवर क्वचितच एखादी रेघ, आपल्या घरांवर मात्र नुसती दाटी. 'लस म्हणजे त्यांचं थोतांड' असं सांगत फिरताना याच गल्लीत त्याच्या चपला झिजल्या होत्या. लोकांनीही त्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता.

शेवटचं दार शिवणकाम करणाऱ्या वहिनींचं. नवरा पक्षाचा जुना माणूस, गेल्या वर्षी गेला. मशीनवरून न उठता त्या म्हणाल्या, "द्या इकडे, मीच ओढते."

रेघ ओढून झाली तरी त्यांनी यादी परत दिली नाही. त्यांचं बोट एकेका घरावरून खाली सरकत गेलं आणि त्याच्याच घराशी येऊन थांबलं. पाच नावं. एकही रेघ नाही.

"देवाची कृपा, वहिनी," पेनाचं टोपण शोधत तो पुटपुटला.

वहिनींनी यादी मिटून त्याच्या हातात ठेवली.

 

"आम्ही तुमचं ऐकलं, भावजी. तुम्ही कुणाचं ऐकलंत?"