भुऱ्याच्या जांभया

आप्पाने गळ्यात दोरी अडकवली तरी भुऱ्या शेपूट हलवतच राहिला. त्याला वाटलं, मालक फिरायला नेतोय. मालक त्याला बायपासपलीकडे सोडून द्यायला निघाला होता.

आदल्या पहाटे लांडगा मेंढ्यांच्या जाळीच्या कुंपणात शिरला होता. आप्पाला जाग आली, तेव्हा भुऱ्या त्याच्याकडे तोंड करून उभा होता. जबडा फाकत होता, मिटत होता, पुन्हा फाकत होता. कुत्राच जांभया देतोय म्हणजे सगळं ठीक, असं समजून आप्पा कूस बदलून झोपला. मेंढ्यांच्या कालव्याने तो दुसऱ्यांदा उठला, तोवर कोकरं फाडून झाली होती. मग भुऱ्याच्या पाठीत काठी बसली ती आप्पाचा हात दुखेपर्यंत.

कोकरांचं दुःख साधं नव्हतं. हर्सूलचा तलाव आटला होता, मागच्या रानात प्लॉटचे पांढरे दगड रोवले गेले होते. चाऱ्याविना मेंढ्यांना दूधच उतरत नव्हतं. आप्पाची बायको म्हाळसाबाई, तिने ती कोकरं मांडीवर घेऊन वाटीने पाजली होती. आणि रखवालदार काय करत होता, तर जांभया! न भुंकणारं कुत्रं कळपाजवळ ठेवायचं नाही, ही धनगरांची जुनी रीत होती.

"अर्धी भाकर खाऊन बी फुगत चाललाय. भर उन्हात बसतो, पाय वढत चालतो. माजलाय लेकाचा," आप्पा म्हणाला.

म्हाळसाबाईने दोरी धरली. "आधी डागदराला दावा. मंग कुठं टाकायचा तिथं टाका. कोकरं मी पाजली व्हती, तुमी नाय."

जनावरांच्या दवाखान्यातल्या सुकेशनी मॅडमनी भुऱ्याचा मागचा पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. त्याने तो तसाच ठेवला, सरळ करायचं त्याला उमगलंच नाही. नखं घासून रक्ताळली होती. एका बाजूचा ओठ लोंबत होता. मॅडमनी रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट येईपर्यंत भुऱ्या दोरीलाच बांधलेला राहिला. आप्पा त्याच्याकडे बघतही नव्हता.

रिपोर्ट आला तशी मॅडमनी दोघांना समोर बसवलं.

"थायरॉइड आहे. माणसांना होतो तोच. गळ्यातली ग्रंथी मंद पडली, की अंग सुजतं, थंडी वाजते, नसा आणि स्नायू दुबळे होतात. म्हणून तो पाय ओढतो. गोळी रोज द्यायची, जन्मभर."

"सुधारंल का?" म्हाळसाबाईने विचारलं.

"पाय बहुतेक सुधारतील. आवाजाचं सांगता येत नाही."

"आवाजाला काय झालं?" आप्पाने विचारलं.

"घशाच्या नसाही गेल्यात ना. तो भुंकतो हो, पण आवाज फुटत नाही. नुसता जबडा उघडतो आणि मिटतो."

आप्पा उठला. दवाखान्याच्या पायरीवर येऊन मटकन बसला. भुऱ्या पाय ओढत त्याच्यामागे आला आणि त्याच्या गुडघ्यावर लोंबतं तोंड टेकवून उभा राहिला. त्याच्या पाठीवर काठीचे वळ अजून होते. आप्पाला त्यांना हात लावायचं धाडस होईना.

"सांगत व्हता गं त्यो मला," तो म्हाळसाबाईला म्हणाला. "तोंडाम्होरं उभा राहून सांगत व्हता. आन् म्या कूस बदलली." आणि तो भरल्या दवाखान्यासमोर ढसाढसा रडला.

भुऱ्याचे पाय आता बरेच सुधारलेत. आवाज काही आला नाही. तो कळपाजवळ असतो आणि त्याने जबडा उघडला, की आप्पा हातातला घास टाकून, काठी उचलून, ओरडत कुंपणाकडे धावतो.

त्यातल्या निम्म्या खरोखरच्याच जांभया असतात, असं म्हाळसाबाई म्हणते. आप्पालाही ते ठाऊक आहे. तरी तो धावतो.