शेवटी आलेली फाईल

"तुझ्या कोडनेच सर्व्हिस बंद पाडली!" टीमचे प्रमुख दातीर सर सगळ्यांदेखत खेकसले, तशी शलाकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रीनवर एकच रड होती: एक्स्टेंशन सापडत नाही.

दातओठ खात तिने सरांनी बनवलेली जार, म्हणजे प्रोग्रामची बांधलेली गठडी, उघडली. त्यांनी हौसेने तयार कोडच्या सगळ्या लायब्रऱ्या त्या एकाच जारमध्ये कोंबल्या होत्या. प्रत्येकीत आपापल्या एक्स्टेंशनची, म्हणजे जोड-सुविधांची, यादी असलेली फाईल; पण सगळ्यांचं नाव एकच. शेवटी आलेल्या फाईलने आधीच्या सगळ्या पुसून टाकल्या होत्या.

शलाकाने त्या सगळ्या याद्या एकाच फाईलमध्ये जोडल्या आणि सर्व्हिस सुरू झाली. लगेच क्लायंटला सरांचा मेल गेला: 'चूक मी शोधून काढली.'

ती तडक त्यांच्या टेबलापाशी गेली आणि सगळ्यांदेखतच कडाडली, "सर, दुसऱ्यांचं पुसून आपलंच ठेवायचं, हे त्या जारला तुम्हीच शिकवलंत ना?"