ओढायचा मान

शाळा तपासायला आलेल्या दिपोटींनी पोरांना ढकलणं आणि ओढणं यांतला फरक विचारला, तेव्हाच रावजी मास्तरांनी कपाळाला हात लावला. ओढणं पोरांना पाठ होतं, कारण शिमग्याला होळीचं झाड ओढायचा मान कुठल्या वाडीचा, यावरून गावात दरसाल डोकी फुटत. ढकलण्याचं मात्र कोणी नाव काढीना.

"असली शाळा उद्यापासून बंद," म्हणत दिपोटी मोटारीत बसले आणि आंबेनळी घाटाच्या पायथ्याशीच मोटार चिखलात रुतली.

नोकरी गेल्यात जमा होती, तरी मास्तरांनी पोरांना हाक मारली. वरच्या वाडीच्या पोरांनी पुढून दोर बांधला. खालच्या वाडीची मागे गेली.

"ढकला रे," मास्तर म्हणाले.

"त्यांनी वडायचं नि आमी ढकलायचं? आमचा मान काय कमी हाय, मास्तर?" म्हणत खालच्या वाडीच्या ठकूने मागूनही दोर बांधला.

दोन्ही वाड्यांनी जीव खाऊन ओढलं. मोटार जागची हलली नाही.

 

उन्हं कलल्यावर दिपोटींनी डोकं बाहेर काढलं. "मास्तर, शाळा चालू ठेवा. फक्त ढकलण्याचा धडा आत्ताच घ्या."